थरथरत्या हातांची सुईण

गोदाकाठच्या निंबखेड गावी साधू शांतवनबाबा त्या श्रावणात मुक्कामाला होते. अंगावर भगवी कफनी, गळ्यात बाभळीच्या लाकडाचा क्रूस. चर्चच्या ओसरीवर बाबा राहत, आणि कुणी भाकरी आणून दिली की आधी विचारत, "तू जेवलीस का गं माय?" अशा मायेच्या माणसाची ही कथा आहे. भाविकहो, मन लावून ऐका.

गावात रिबकाबाई नावाची सुईण होती. पंचक्रोशीतली निम्मी लेकरं तिच्या हातांवर जन्मली होती. पण वर्षापूर्वी तिची एकुलती एक लेक सुवार्ता बाळंतपणाला माहेरी आली, बाळ आडवं आलं, आणि लेक आईच्याच मांडीवर गेली. बाळही गेलं. त्या दिवसापासून रिबकाबाईनं सुईणपण सोडलं. उपासना मात्र सोडली नाही. दर रविवारी मागच्या सतरंजीवर बसायची, गीताला उभी राहायची आणि दुसऱ्या ओळीलाच पदराआड रडू लागायची.

नाथानराव हे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पुढारी. त्यांना हे खपत नसे. शास्त्र त्यांना मुखोद्गत, आणि त्याचा ताठाही तेवढाच. एका रविवारी ते सर्वांदेखत म्हणाले, "रिबकाबाई, स्वर्गाची आशा असणाऱ्यानं असं रडू नये. वर्ष झालं! तुमचा विश्वासच कच्चा. उगाच का देवानं हात आखडता घेतला?"

बाई मान खाली घालून बाहेर पडली. बाबा तिच्यामागे गेले आणि तिच्या घराच्या ओट्यावर शेजारी बसले.

"बाबा, खरंच कच्चा आहे का हो माझा विश्वास? मी देवाशी भांडते. रोज भांडते."

"आणि भांडून झाल्यावर?"

"मग त्यालाच सांगते, की पोरीची फार आठवण येते. दुसऱ्या कुणाला सांगू?"

बाबांचे डोळे भरून आले. "माय, मित्राच्या कबरेपाशी आपला प्रभूही रडला. त्याला कुणी कच्चा म्हणेल का? तू रड, भांड, आणि येत जा."

त्याच आठवड्यात तीन दिवस पाऊस कोसळला. गाव आणि नाथानरावांचा मळा यांच्यामधला ओढा दुथडी भरून वाहू लागला. मळ्यात त्यांची सून एस्तेर कालपासून अडली होती. डॉक्टरांची वाट बंद झालेली. भर दुपारी नाथानराव पलीकडच्या काठावर येऊन ओरडू लागले, "बाबा, प्रार्थना करा! बाळ आडवं आहे!"

काठावरच्या गर्दीत रिबकाबाई उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"नको बाबा. माझे हात थरथरतात. याच हातांत सुवार्ता..."

"थरथरू देत. प्रभूनं थरथरणारेच हात मागितले असतील तर?"

पलीकडून नाथानरावांची हाक पुन्हा आली. रिबकाबाईनं पदर खोचला. "चला."

बाबांनी तिचा हात धरून पाण्यात पाय टाकला. लोक किंचाळले! पण काय सांगावं, भाविकहो! वर-खाली तेच पाणी झाडं उपटून नेत होतं, आणि या दोघांच्या गुडघ्यांना मात्र वासरासारखं अंग घासून जात होतं. दोन्ही काठांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

एस्तेरच्या पोटावर टेकेपर्यंत रिबकाबाईचे हात कापत होते. टेकले आणि स्थिर झाले. ती पुटपुटली, "प्रभू, मागच्या वेळी तू ऐकलं नाहीस. तरी तुलाच सांगते." बोटाबोटानं बाळ फिरलं. दिवस कलायच्या आत टाहो ऐकू आला. मुलगी झाली होती, आणि एस्तेरही सुखरूप होती.

नाथानरावांनी बाबांच्या पायांवर लोटांगण घातलं. बाबा मागे सरले. "मी नुसता हात धरला होता. चालली ती."

तेव्हा नाथानरावांचा पांढरा माथा रिबकाबाईसमोर वाकला. "बाई, मला क्षमा करा. वचनं पाठ होती, पण तुमचं दुःख मला वाचता आलं नाही."

"उठा वडील, सूनबाईला गरम पेज द्यायला सांगा."

नाथानराव उठले नाहीत. जमिनीवरच बसून त्यांनी हळूच विचारलं, "तुमची सुवार्ता... कशी होती हो?"

वर्षभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. रिबकाबाईचा हुंदका फुटला, आणि त्या हुंदक्यातूनच हसू आलं. "फार हट्टी होती! ताक घुसळायला बसली की अर्धं लोणी तिच्याच पोटात..."

ती सांगत राहिली, आणि नाथानराव मान खाली घालून ऐकत राहिले.