तोडलेला प्रश्न

“मग मी वर्गात उभं तरी कशाला राहायचं, गुरुजी?”

विश्वंभर ढोणेने चपला काढता काढताच विचारलं. उदगीरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि परवापासून त्याचं डोकं तापलेलं होतं.

सिद्रामप्पा गुरुजी अंगणात बाजेची सुतळी ताणत बसले होते. विश्वंभर शाळेत असताना गणित आणि विज्ञान त्यांनीच त्याला शिकवलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. बोल, म्हणाले.

तो बोलला, भडाभडा बोलला. अकरावीची पोरं आता धडा आधीच मोबाईलवर पाहून येतात. फुकटातले धडे. कुणीतरी कुठंतरी बसून रंगीत चित्रं हलवून दाखवतो, आणि इथं आपण खडू उचलला की पोरांच्या चेहऱ्यावर दिसतं, हे आमचं झालंय. इतकी वर्षं घसा कोरडा केला तो कुणासाठी?

परवा तो घर्षण शिकवत होता. कौसर बागवान नावाची मुलगी उभी राहिली. तिच्या गावात शिकवणी नव्हती, म्हणून प्रत्येक तासाआधी ती तो भाग मोबाईलवर पाहून यायची. म्हणाली, सर, हे मी काल पाहिलं, पण...

“मी म्हटलं, पाहिलंस ना? मग बाहेर जा. दप्तर उचललं आणि गेली. काल आली नाही, आजही नाही. इतका ताठा!”

गुरुजींचे हात थांबले.

“पण काय?”

“काय म्हणजे?”

“ती ‘पण’ म्हणाली. पुढं काय म्हणाली?”

विश्वंभर आठवू लागला. मुलीचा चेहरा आठवला. अर्धवट उघडं राहिलेलं तोंड आठवलं. पुढचं काही आठवेना. पुढचं त्यानं होऊच दिलं नव्हतं.

“गुरुजी, मुद्दा तो नाही. तुमचं खरं असेल, पण...”

“बाहेर जा.”

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

“माझं ऐकून तरी...”

गुरुजींनी फाटकाकडं बोट केलं.

विश्वंभर बाहेर आला. कानशिलं पेटली होती. केस पांढरे व्हायला आलेल्या माणसाला असं हाकलतात? त्याला अजून कितीतरी सांगायचं होतं. त्यानं गाडीला किक मारली ती रागानंच. घराकडं वळायचं तिथं तो वळला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो कौसरच्या गावाला गेला.

तिच्या अम्मीनं खुर्ची आणून ओसरीत ठेवली. कौसर दारापर्यंत आली, उंबरा ओलांडला नाही. तुझा प्रश्न काय होता, त्यानं विचारलं.

ती त्याच्याकडं न बघता बोलली. “चालताना जमिनीचं घर्षण आपल्याला पुढं ढकलतं, असं धड्यात सांगितलं. पण टेकलेलं पाऊल तर जागचं हलत नाही. मग घर्षणानं काम शून्यच केलं. तर मग मी चालते ती कुणाच्या जोरावर?”

पुस्तकातलं वाक्य त्याच्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. ते तिच्या प्रश्नाला पुरत नव्हतं.

“उद्या वर्गात ये,” तो म्हणाला. “तिथं बघू.”

“नको सर.”

“अगं, परीक्षा...”

“हा प्रश्न मी मोबाईललाही विचारला. तो ऐकत नाही. तुम्हीही ऐकला नाहीत.” तिनं दाराची कडी धरली. “मग मोबाईलच बरा, सर. तो हाकलत तरी नाही.”

अम्मीनं तिला दटावलं. ती आत गेली. दार लागलं.

दिवेलागणीला तो परत गुरुजींच्या फाटकापाशी आला. आत ये, असं कुणी म्हटलं नाही. तिथूनच त्यानं सगळं सांगितलं. तिचा प्रश्न सांगितला, तिचं शेवटचं वाक्यही सांगितलं. ते सांगताना त्याला पुन्हा राग आला. या वेळी तो कुणावर काढावा, हे त्याला कळेना.

गुरुजींनी बाजेची सुतळी पुन्हा हातात घेतली.

“उत्तर येतं तुला?”

“येतं. तिला पटेल असं येत नाही.”

“उद्या पुन्हा जा.”

“ती दार उघडणार नाही, गुरुजी.”

गुरुजींनी सुतळीची गाठ करकचून आवळली.

“मग ओसरीत बसून शिक.”