डाव्या शेंड्यावरची सावली

"सर, ही फिल्म कपाटात जाईल ना?"

शंतनूनं एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि दोन पावलं मागं सरला. मागं सरण्यातसुद्धा ऐट होती.

मुजावर सर खुर्चीत बसले होते. समोरचा चहा निवून गेला होता. सकाळी नऊपासून अंधाऱ्या खोलीत बसून माणसांची आतली चित्रं बघायची, त्यात चहाची आठवण कुणाला राहते!

आता कपाट म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या एक्स-रे विभागात एक लोखंडी कपाट होतं. कुणी अवघड रोग पकडला की ती फिल्म त्यात ठेवायची, मागून येणाऱ्या पोरांना शिकायला. आणि पाकिटावर पकडणाऱ्याचं नाव. तिथं नाव लागलं की गडी वर्षभर ताठ मानेनं चालायचा.

शंतनू खराडे तिसऱ्या वर्षाला होता. पहिलं वर्ष त्यानं पाकिटं शोधण्यात आणि सीनियरांच्या शिव्या खाण्यात काढलं. दुसरं सोनोग्राफीच्या मशीनपुढं, दिवसाला साठ-साठ पोटं बघत. खांदा भरून यायचा, पण हूं की चूं केलं नाही. आता वॉर्डातले डॉक्टर फिल्म हातात घेऊन त्यालाच शोधत यायचे. गेल्या आठवड्यात सर्जरीवाल्यांच्या नजरेतून सुटलेलं अपेंडिक्स त्यानंच हुडकून दिलं होतं.

कपाटात त्याची चार पाकिटं होती. हे पाचवं.

"बोल," सर म्हणाले.

"पोलीस भरतीच्या मुली आल्यात, सर, तपासणीला. बाकी सगळ्या नॉर्मल. ही एक बघा. डाव्या फुफ्फुसाचा शेंडा."

तिथं खरंच एक धुरकट सावली होती.

"काय आहे?"

"टीबी."

"नक्की?"

"तुम्हीच शिकवलंय, सर. शेंड्यावर सावली दिसली की आधी टीबी आठवायचा."

"रिपोर्ट?"

"दिला. वर मेडिकल बोर्डाकडे गेलासुद्धा. चारला यादी लागेल. पोरगी अनफिट."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला...

"पोरगी कुठाय?"

"असेल बाहेर बाकावर. पण सर, रोग छातीत आहे. तोंडावर थोडाच दिसणार?"

"बोलव तिला."

सारिका कोळेकर आत आली. काटक, उन्हानं रापलेली, उभं राहणं आत्तापासूनच पोलिसासारखं. तिला अजून कशाचा पत्ता नव्हता.

"किती पळतेस गं?" सरांनी विचारलं.

"आठशे मीटर, दोन मिनिटं सेहेचाळीस. तालुक्यात माझ्या पुढं कोण न्हाई."

"दम लागतो?"

"लागतो की सर. मागच्यांना."

सर हसले. शंतनू हसला नाही.

"सर, टीबी सुरुवातीचा असला तर माणूस पळू शकतो."

"शकतो," सर म्हणाले.

पोरीचा चेहरा उतरला.

"टीबी? कुणाला, मला? दोन वर्षं पहाटं उठून पळतीया मी सर. आमच्या घरात पहिली नोकरी हाय ही... मला काय बी झालेलं न्हाई."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"एक्स-रे काढताना कशी उभी होतीस?" सर हळू आवाजात म्हणाले. "तशी उभी राहा बघू. ही भिंत म्हणजे ते मशीन."

ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग काही आठवल्यासारखं करून हात मागं नेला, मनगटाएवढी जाड वेणी पाठीवरून उचलली आणि डाव्या खांद्यावरून पुढं टाकली. हात कमरेवर ठेवले, छाती भिंतीला टेकवली. वेणी मधेच दबून राहिली.

"हे का केलंस?" शंतनूनं विचारलं.

"ते फोटो काढणारे मामा म्हणाले, पाठ मोकळी कर."

शंतनू पेटीजवळ गेला. अगदी जवळ, नाक फिल्मला लागेल इतका. ज्या जागेवर मघाशी त्यानं बोट ठेवलं होतं, तिथून बोट वर नेलं. आणखी वर नेलं.

"सर... ही सावली फुफ्फुसात थांबत नाही. पार मानेपर्यंत गेलीय. आणि मानेत काही फुफ्फुस नसतं."

"मग?"

"वेणी आहे, सर."

सरांनी मान हलवली. शंतनूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"एक्स-रे काढताना जमदाडेमामांनी केस वर बांधायला सांगायला पाहिजे होतं," तो पुटपुटला.

"पाहिजे होतं," सर म्हणाले, आणि त्याच्याकडं बघत राहिले...

शंतनूनं मान वळवली. "ताई, केस डोक्यावर बांधा. परत काढू."

दुसरी फिल्म आली. स्वच्छ होती. पण ती त्यानं इतका वेळ बघितली, की तीन वर्षांत एखाद्या अवघड रोगालाही तेवढा वेळ दिला नसेल. मग स्वतःच्या हातानं नवा रिपोर्ट लिहिला आणि जिन्यानं वर निघाला.

बोर्डाच्या खोलीत आठ-दहा डॉक्टर होते. यादी टाइप होऊन टेबलावर आली होती.

"काय खराडे," एकजण म्हणाला, "तुमचाही रिपोर्ट बदलतो होय?"

"बदलतो. मी चुकलो. वेणीला टीबी म्हणालो."

खोलीभर हसू पसरलं. एकानं तर टेबलावर थाप मारली. शंतनू त्या हसण्यात उभा राहिला, सरळ, यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून. 'अनफिट' खोडून तिथं 'फिट' लिहिलं गेलं, त्यावर सही झाली, तेव्हा कुठं त्यानं बोट उचललं.

खाली जिन्याशी पोरगी उभी होती.

"यादीत नाव लागलं का सर?"

"लागलं."

तिनं एकदा डोळे पुसले, मग वेणी हातात धरून तिच्याकडं रागानं बघितलं.

"ट्रेनिंगला हिला कापायचीच हाय. जाता जाता डाव साधत हुती."

त्याला हसू फुटलं. ती ताठ मानेनं फाटकाकडं निघाली, आणि तिला जाताना बघून शंतनूचीही छाती फुगली. कपाटातल्या चार पाकिटांनी मिळून कधी फुगवली नव्हती एवढी.

अंधाऱ्या खोलीत तो परत आला, तेव्हा सर पुढची फिल्म पेटीवर लावत होते.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला पहिल्या नजरेत कळलं होतं. मग तिथल्या तिथं का नाही सांगितलं?"

सरांनी वळून बघितलं. त्यांना खरंच नवल वाटलं असावं...

"मला? मलाही टीबीच वाटला होता. म्हणून तर खात्री करायला तिला आत बोलावलं."