ढोलीचा राखणदार

फार मागची गोष्ट, कोल्हेसुद्धा लिहायला शिकले होते तेव्हाची. रानातले सगळे पळसाच्या पानावर पत्र लिहून बेहड्याच्या ढोलीत टाकत, आणि ज्याचं तो घेऊन जाई. पण कोल्ह्यांनी तिथं भलतीच पानं टाकायला सुरुवात केली. "अभिनंदन! तुम्हाला मधाचं पोळं लागलंय. गुहेत एकटेच या." दोन ससे गेले, ते परत आलेच नाहीत.

मग राखणदार नेमायचं ठरलं. खार म्हणाली, "संशय आला तर मी पान बाजूला ठेवीन आणि ज्याचं त्याला दाखवीन."

"अगं, दाखवत कसली बसतेस!" साळिंदर हसलं. "अनोळखी अक्षर दिसलं की मी फाडणार."

सगळ्यांना साळिंदरच पसंत पडलं. आठवडाभर एकही खोटं पान आत गेलं नाही.

इकडे भेकरीला नदीपलीकडच्या लेकीचं पत्रच येईना. ती रोज ढोलीत डोकावून जायची. शेवटी तिनं झाडाखालचे तुकडे जुळवून पाहिले. "आई, पाय मोडलाय, उठवत नाही. बगळ्याकडून लिहून घेतलंय. लवकर ये." पत्र चार दिवसांपूर्वीचं होतं.

साळिंदर ओशाळलं, तरी म्हणालं, "पण मावशी, माझ्या राखणीत एक तरी खोटं पत्र आत गेलं का?"

"नाही रे बाबा," भेकरी नदीकडे धावत म्हणाली, "पण माझ्या लेकीचं खरं होतं, तेही गेलं नाही."

लंगडत्या लेकीला घेऊन ती परतली, तेव्हा ढोलीच्या तोंडाशी खार बसली होती आणि साळिंदर तिला संशयाची पानं निवडून देत होतं.