आपवाढ्या ढीग

फार फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक सुईण राहायची. तिची एकुलती एक लेक खिंडीपलीकडच्या गावात दिलेली होती, आणि लेकीचे आता दिवस भरत आले होते.

पण खिंडीत दगडांचा ढीग माजला होता. पहिला दगड कुणी आणि का ठेवला, देव जाणे. पुढच्या वाटसरूने तो पाहिला, त्याला वाटलं इथे देव असणार, म्हणून त्यानेही एक ठेवला. मग काय, जो तो दगड वाहू लागला. वाट पार बुजली. तरी शहाणे लोक ढिगापर्यंत येत, दगड ठेवीत, हात जोडीत आणि अख्ख्या डोंगराला वळसा घालून पलीकडे जात! अडलेल्या बाळंतिणीला एवढा वेळ कुठला? सुईणीच्या जिवाला घोर लागला.

तिने एकाला अडवलं. "दादा, दगड का टाकलास रे?"

"सगळे टाकतात, मावशी."

"सगळे का टाकतात?"

"एवढा मोठा ढीग आहे म्हणून!"

"आणि ढीग कशानं झाला?"

"सगळे टाकतात म्हणून की!"

सुईणीने कपाळावर हात मारला. "अरे, हा देव नव्हे, हा आपवाढ्या! आपलं आपणच खातो आणि आपला आपणच वाढतो. भांडण आपवाढं असतं, भीती आपवाढी असते, तसाच हा ढीग."

तिने गावात जाऊन सगळ्यांना खडसावलं. झालं भलतंच. देवाला नावं ठेवली, आता तो कोपणार, या धास्तीने लोक दोन-दोन दगड वाहू लागले. ढीग आणखी फुगला.

सुईणीला राग आला, रडूही आलं. मग तिने डोळे पुसले आणि पदर खोचला. "बोलून वाढतो काय? बरं, मग बोलणं बंद."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज खिंडीत जाई, एकेक दगड उचलून बाजूच्या ओघळीत नेऊन टाकी. लोक हसले. म्हातारीला वेड लागलं म्हणाले, आणि देव कोपायची वाट बघत बसले. देव काही कोपला नाही.

एकदा बांगड्या विकणारा कासार तिथे थबकला. "मावशी, हे काय मांडलंय?"

"लेकीची वाट मोकळी करतेय, बाबा."

कासाराची बहीणही पलीकडेच दिलेली. त्याने गाठोडं उतरवलं आणि एक दगड उचलला. दोघांना बघून तिसरा आला, तिघांना बघून अर्धं गाव. एका पाहुण्याने विचारलं, "दगड का काढता हो?" उत्तर आलं, "सगळे काढतात म्हणून!" सुईणीला हसू फुटलं, पण तिने हात काही थांबवला नाही.

आणि एका दुपारी जावई धापा टाकत आला, थेट खिंडीतून. "मामी, लवकर चला, अडलीय ती!"

सुईण त्याच वाटेने धावली. मूल आडवं आलं होतं. तिने शांतपणे, सगळं कसब पणाला लावून ते वळवलं. बाळाने टाहो फोडला तेव्हा ती जावयाला एवढंच म्हणाली, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोघंही हाती लागली नसती." मग तिने बाळाला पदरात गुंडाळून लेकीच्या कुशीत दिलं.

तात्पर्य: जे आपलं आपण वाढतं, ते नुसत्या ओरडण्याने थांबत नाही. उलट बाजूने पहिला दगड आपण उचलावा, आणि दुसरा माणूस येईपर्यंत उचलत राहावं.