जागच्या जागी चढ

फार जुन्या काळी मंगळ्या नावाचा एक रेडा फिरत्या फळ्यांच्या पट्ट्यावर जागच्या जागी चालायचा आणि त्याच्या चालण्यानं मालकाचं जातं फिरायचं. एकदा पीठ लवकर पडावं म्हणून मालकानं पट्ट्याच्या पुढच्या टोकाखाली धोंडा सरकवला. पट्टा चढाचा झाला.

तेव्हापासून मंगळ्याचे पाय भरून येऊ लागले, तोंडाला फेस येऊ लागला. शेजारच्या दावणीचा घोडा म्हणायचा, "सकाळी होतास तिथंच संध्याकाळी असतोस. मग दमतोस कशानं?" उत्तर द्यायलाही मंगळ्यात त्राण नसायचं. आपणच आळशी झालो असू, असं त्याला वाटू लागलं.

एका दुपारी त्यानं गुडघे टेकले. मालकानं त्याला सोडलं आणि घोड्याला पट्ट्यावर चढवलं. थोड्याच वेळात घोड्याची छाती भात्यासारखी हलू लागली.

"मंगळ्या, हा तर डोंगर आहे रे," तो कसाबसा म्हणाला. "बोलला का नाहीस?"

मंगळ्याला नुसतं डोळे मिटून पडायचं होतं. मनात साठलेलं बरंच काही ओठांवर आलंही होतं. पण घोड्याच्या मांड्या थरथरताना त्याला दिसत होत्या.

"मान खाली घाल," तो म्हणाला. "पावलं लहान टाक. आणि बोलू नकोस, दम पुरत नाही."