दामिलेची रिकामी जागा

पूर्वी समुद्राकाठच्या वेलापट्टण नगरात सुमनस राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी थोरला मुलगा होऊन जन्मले होते.

वेलापट्टणाचा धक्का फार जुना. कुणी बांधला ते कुणालाच ठाऊक नव्हते. त्या धक्क्याची एक रीत होती. दूरच्या समुद्रावर निघालेला माणूस धक्क्यातला एक दगड उचलून सोबत नेई, आणि सुखरूप परतला की आपल्या हाताने तो पुन्हा त्याच जागी बसवी. जो परतला नाही, त्याची जागा तशीच रिकामी राही. तिच्यावर कुणी पाय देत नसे. असे होता होता, बघा, धक्का सगळा खळग्या-खळग्यांचा झाला होता.

त्यातला एक खळगा दामिलेच्या नवऱ्याचा. तो तांडेल होता. जहाज घेऊन गेला तो गेलाच. दामिलेचे केस पिकले, तरी रोज सकाळी ती खळग्यातले शेवाळ काढी. आत एक खेकडा राहायला आला होता. त्याला ती म्हणे, "राहा बाबा, पण फार पाय पसरू नकोस. हे आले की तुला बिऱ्हाड हलवायचंय."

एकदा बोधिसत्त्व माल घेऊन परदेशी गेले असताना घरी निरोप आला. राजा रथातून धक्का पाहायला येणार होता, आणि तो प्रसन्न झाला तर बंदराचा मक्ता याच घराला मिळणार होता. घरी धाकटा भाऊ नंदक होता. त्याला वाटले, या खळग्यांत रथाचे चाक अडकेल. त्याने पाथरवट लावले आणि सगळे खळगे दगड-चुन्याने बुजवून टाकले. धक्का तळहातासारखा सपाट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोधिसत्त्वांचे जहाज लागले. आपला दगड उराशी धरून ते उतरले आणि थबकले. त्यांचीही जागा बुजली होती. जिवंत माणूस दगड घेऊन उभा, आणि ठेवायला जागा नाही.

तेवढ्यात दामिला धावत आली. केसांत सुरंगीचा गजरा होता.

"शेट, ह्यांच्या जागी दगड बसलाय हो! सगळ्यांच्याच जागा भरल्यात! तुमच्याच जहाजातून आले ना सगळे? मग हे कुठं दडलेत? जुनी खोडच आहे ती. भात टाकून आलेय चुलीवर, म्हणावं चला लवकर."

नंदक भावाच्या कानाशी लागला. "दादा, राजा दुपारी येतोय. तिला सांग, संध्याकाळी येतील म्हणून. बिचारी एक दिवस तरी हसेल."

तो हसत होता, पण नजर देत नव्हता. लाजेने बोधिसत्त्वांचे कान तापले. त्यांनी दगड खाली ठेवला आणि म्हातारीपुढे मान खाली घातली.

"आई, कुणी आलेलं नाही. राजाचा रथ नीट यावा म्हणून आमच्या घरानं या जागा बुजवल्या."

आमच्या घराने, एवढेच म्हणाले. भावाचे नाव त्यांनी घेतले नाही.

दामिलेने गजरा काढून पदराच्या टोकाला बांधला. मग एकदम म्हणाली, "अगं बाई, आत खेकडा होता की."

तिने शिव्या दिल्या असत्या तर नंदकाने सोसल्या असत्या. हे मात्र सोसेना. तो धावत जाऊन पहार घेऊन आला. चुना अजून ओला होता. दोघा भावांनी मिळून दामिलेच्या जागेचा दगड उचलला. खाली सांदीत पाणी राहिले होते. चुन्याने माखलेला खेकडा नांग्या उगारून तिरका तिरका बाहेर आला.

"रागावलाय," दामिला म्हणाली, आणि तिथेच बसून रडली.

दुपारी राजाचा रथ आला तेव्हा धक्का अर्धाअधिक उकरलेला होता. राजाने विचारले, "हे कुणी केलं?"

बोधिसत्त्व म्हणाले, "बुजवलं आम्हीच, महाराज, आणि उघडतोयही आम्हीच. सांगायला लाज वाटते. रथ मात्र पुढं येऊ शकणार नाही."

रथ वळला. मक्ता दुसऱ्या बंदरातल्या व्यापाऱ्याला गेला. शेवटचा खळगा मोकळा झाल्यावरच बोधिसत्त्वांनी आपला दगड आपल्या जागी बसवला.

संध्याकाळी नंदक दामिलेच्या दारात जाऊन मान खाली घालून उभा राहिला. तिने पान मांडले. "भात दोघांपुरता झालाय. बस. आणि मान वर कर मेल्या, नाहीतर घास कसा उतरेल?"

एवढी कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची दामिला म्हणजे आताची भिक्षुणी पटाचारा. थोरला भाऊ मी होतो. धाकटा भाऊ आज इथेच बसला आहे."

त्याचे नाव त्यांनी घेतले नाही. मागच्या ओळीत एका भिक्षूची मान हळूच खाली गेली. कुणी वळून पाहिले नाही.

मग भगवान म्हणाले, "चूक उघडी करावी, चुकलेल्याला झाकावे, आणि लाज आपण घ्यावी. या गुणाला ह्री म्हणतात."