पंचवीसशे वीस दोऱ्यांची वेणाई

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, वैनगंगेकाठच्या सावरटोल्यात घरोघरी माग चालत होते तेव्हाची. आता ते माग नाहीत, तो खटखटाटही नाही; आठवण तेवढी आहे.

तिथं वेणाई नावाची कोष्टीण होती. नवरीचं लुगडं विणावं तर तिनंच. लग्नात सासरच्या बाया लुगड्याच्या पदराला लोंबणाऱ्या दोऱ्यांच्या गाठी मारत. कुणाकडे पाचपाच दोऱ्यांची गाठ, कुणाकडे सातसात, कुणाकडे नऊनऊ. शेवटची गाठ अपुरी पडली की अपशकुन, आणि नवरीच्या नावानं बोटं मोडणं सुरू. वेणाईला त्या पोरींची फार दया यायची. ती चिंचोके मांडून बसली, दोन महिने मांडत राहिली, आणि शेवटी तिला पंचवीसशे वीस हा आकडा सापडला. दोनापासून दहापर्यंत कितीच्याही गाठी मारा, एक दोरा उरत नाही. याहून लहान कुठल्याच आकड्याला हे जमत नाही. तेव्हापासून तिच्या लुगड्याला गाठ कधी अपुरी पडली नाही, असं म्हणतात.

पुढे तिच्या एकुलत्या लेकीचं, सुगंधीचं, लग्न ठरलं. सासर नदीपलीकडे, आठ दिवसांच्या वाटेवर. आणि त्या घरची रीत अशी, की आलेली सून पुन्हा माहेरी धाडायची नाही. लेकीचं लुगडं विणताना वेणाईनं एक दोरा मुद्दाम कमी घेतला.

लग्नात विहीण सातासाताच्या गाठी मारत गेली, आणि शेवटच्या गाठीला एक दोरा कमी पडला.

"एक दोरा माह्या मागावर राहिला," वेणाई म्हणाली. "कितीच्याबी गाठी मारून पाहा, विहीणबाई. एक खेप जरी पुरी भरली, तं पोरगी कायमची तुमची. नाही भरली, तं दरसाल तिले दोरा न्याले धाडा."

बोलून गेली आणि मग तिला आठवलं. अकरा! अकराअकराच्या गाठी मारल्या तर हेच दोरे बरोबर पुरतात, हे ती घाईत विसरलीच होती.

विहीण हट्टाची. तिनं दोनादोनाच्या गाठी मारल्या, सोडल्या, तिनातिनाच्या मारल्या. तीन दिवस मांडव उतरला नाही आणि समईतलं तेल सरलं नाही, असं म्हणतात. दर खेपेला नेमका एकच दोरा कमी. दहाचीही गाठ अपुरी पडली, पण विहीण थांबेना. ती अकरा दोरे मोजू लागली. वेणाई तिच्याजवळ सरकून बसली.

शेवटची गाठ आली. पुरते अकरा दोरे. ते पाहिलं फक्त दोघींनी.

विहिणीनं गाठीवर अंगठा दाबून धरला. चाळीस वर्षांत तिनं स्वतःच्या आईचं दार पाहिलं नव्हतं. तिनं गाठ हळूच सोडली आणि मोठ्यानं म्हणाली, "हेबी अपुरीच हाय. धाडीन दरसाल."

आता सावरटोल्यात लुगडी बाजारातून येतात. तरी लेक सासरी निघाली की आई वेणाईचं नाव घेऊन तिच्या पदराचा एक दोरा काढून ठेवते. दिवाळीला लेक येते, चार दिवस राहते, निघताना दोरा मागते. मग आई फडताळ उघडते, उगाच दोन डबे हलवते आणि म्हणते, "सापडून नाही राहिला, बाई. पुढच्या साली ये."